नोट कुणापाशी थांबली?

शिर्डीत दानपेट्या उघडल्या की आधी कामाला लागतात माणसांची बोटं. यंत्रांची पाळी नंतर येते. भाविक नोट सरळ टाकत नाही. तिच्या चार घड्या करतो, आठ करतो, फुलाच्या पुडीत किंवा नवसाच्या चिठ्ठीत गुंडाळतो. तिला कुंकू लागलेलं असतं, उदी चिकटलेली असते, कधी घामानं ती ओलसर झालेली असते. मोजणीच्या यंत्राला मात्र सपाट, कोरडी नोट लागते. म्हणून साईबाबा संस्थानाच्या मोजदादीत कॅमेऱ्यांच्या नजरेखाली बसलेली माणसं एकेक नोट उलगडतात, दाबून सरळ करतात, दहाच्या, पन्नासच्या, पाचशेच्या चळती लावतात आणि मग गड्डी यंत्रात जाते. पंख्यासारखा आवाज होतो, आकडा उमटतो. नाण्यांचा ढीग वेगळा.

या नोटांत देवाला द्यायच्या म्हणून दिलेल्या नोटा बहुसंख्य असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काही नोटा अशाही असतात, ज्या दुसरीकडे कुठेच चालल्या नसत्या. फाटलेली, चिकटपट्टी लावलेली, दुकानदारानं दोनदा परत केलेली नोट शेवटी दानपेटीत पडते. पेटी नोट परत करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. त्यानंतरही त्या शिर्डीच्या दानपेट्यांत पडत राहिल्या आणि संस्थानाकडे अशा कोट्यवधींच्या नोटा साठल्या. २०१७ च्या कायद्यानं तर दहापेक्षा जास्त बाद नोटा जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. भक्तानं घरातली अडचण देवाच्या दारात आणून ठेवली आणि हात जोडून तो मोकळा झाला. या व्यवहाराला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

साईबाबा स्वतः दक्षिणा मागून घेत, हे साईचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मिळालेली रक्कम ते त्याच दिवशी वाटून टाकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या हातानं सुरुवात करत. ऑक्टोबर १९१८ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. पैसा हातात थांबू द्यायचा नाही, हा त्या फकिराचा रिवाज होता. आपणही पैसा हातात थांबू देत नाही. फक्त आपण पुढे सरकवतो तो चांगला पैसा नसून वाईट पैसा असतो.

नोट मोजणारं, ओळखणारं आणि देणारं यंत्र आपल्या व्यवहारात आल्यानं नेमकं काय बदललं, याचा विचार करताना मला हे सरकवणंच मुख्य वाटू लागलं आहे. खोट्या नोटेचा तोटा कुणाचा तरी होणारच असतो. प्रश्न एवढाच, की तो कुणापाशी येऊन थांबतो. पूर्वी तो बराच काळ फिरायचा. अंधारात, गर्दीत, जत्रेत, एसटीच्या कंडक्टरला, भाजीवालीला, ज्याची नजर चुकेल त्याला ती नोट दिली जायची. आता बँकेच्या खिडकीत यंत्र आहे. ते अतिनील प्रकाशात नोट बघतं, अवरक्त किरणांत तिची छपाई तपासतं, शाईतला चुंबकीय गुण, कागदाची जाडी, लांबी-रुंदी बघतं. नोट तिथे अडकते आणि त्या क्षणी खिडकीसमोर जो उभा असेल त्याच्या डोक्यावर सगळा तोटा बसतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. बनावट ठरलेली नोट बँकेनं ग्राहकाला परत द्यायची नाही आणि फाडून टाकायचीही नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याच्या अहवालातून त्या पोलिसांना कळवल्या जातात. पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवला जातो. जप्त झालेल्या नोटेच्या बदल्यात ग्राहकाला पैसे मिळत नाहीत. हे कठोर आहे, पण याला पर्याय सुचवणं सोपं नाही. बँक बनावट नोटेचे पैसे देऊ लागली, तर छापणाऱ्यालाच पेन्शन सुरू होईल.

आता दुसरी बाजू बघा. खोटी नोट जाणूनबुजून खरी म्हणून चालवणं हा पूर्वीच्या भारतीय दंड विधानातही गुन्हा होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. आपल्याला ती फसवणुकीनं मिळाली, ही सबब ती पुढे चालवताना उपयोगी पडत नाही. मिळेपर्यंत तुम्ही निर्दोष असता. कळल्यानंतर काय करता यावर पुढचं सगळं ठरतं. प्रत्यक्षात घडतं ते असं. नोट संशयास्पद वाटली की हुशार माणूस तिला यंत्राच्या जवळपासही नेत नाही. तो ती पेट्रोल पंपावर, टोलवर किंवा संध्याकाळच्या भाजीबाजारात खपवतो. बँकेत जातो तो भाबडा, नाहीतर सरळ माणूस. म्हणजे दंड भरतो सरळ माणूस. यंत्र या अन्यायात सामील नाही. त्याला फक्त कागद कळतो, तो कुणाच्या हातून आला हे त्यानं ओळखावं कसं?

आणि यंत्राला कागददेखील नेहमी कळतोच असं नाही. नोटेचा कागद अतिनील प्रकाशात मुद्दाम निस्तेज राहील असा बनवतात. पण मजुराच्या खिशात राहिलेली पाचशेची नोट शर्टाबरोबर साबण-पावडरीत धुतली गेली, की पावडरीतलं कपडे उजळ करणारं द्रव्य तिच्यात मुरतं आणि ती चमकू लागते. दुकानातलं स्वस्त यंत्र, ज्याच्याजवळ त्या निळसर दिव्याखेरीज फारसं काही नसतं, लगेच शिटी मारतं. नोट खरी असते. रांगेतली माणसं मात्र त्या मजुराकडे चोर असल्यासारखी बघतात आणि तो नोट मुठीत घेऊन मागे फिरतो. बँकेतल्या जाणत्या कॅशियरनं ती बोटांत धरली, उजेडाकडे करून जलचिन्ह आणि सुरक्षा धागा पाहिला, तर त्याला मिनिटभरात उलगडा होतो. तो मिनिट द्यायचा की नाही, हे अजून तरी माणसाच्या हातात आहे. दुपारच्या गर्दीत तो देणारे कॅशियर मी पाहिले आहेत, न देणारेही.

याच्या उलटही आपण केलं आहे. दहा रुपयांचं नाणं कित्येक वर्षं गावोगावी दुकानदार घेत नव्हते. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या नमुन्यांची नाणी वैध असल्याचं पुन्हा पुन्हा जाहीर केलं, तरी अफवा पुरून उरली. सरकारचं खणखणीत नाणं परत यायचं आणि खोटी नोट बिनबोभाट फिरायची. शिर्डीच्या नाण्यांचं तर आणखी वेगळंच झालं. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिथल्या बँकांनी नाणी घ्यायला कुरकुर केली, कारण ठेवायला जागा उरली नव्हती. गरिबाचं दान खरं होतं, वैध होतं. जड होतं एवढाच त्याचा दोष.

पैसे देणाऱ्या यंत्राची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतात पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसी बँकेनं बसवलं. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत एक दयाळू सोय होती. आलेले पैसे ग्राहकानं ठराविक सेकंदांत उचलले नाहीत, तर यंत्र ते परत आत ओढून घ्यायचं. विसराळू म्हाताऱ्याचं नुकसान टळायचं. मग काही डोकेबाज लोकांनी शोध लावला. गड्डीच्या मधल्या नोटा अलगद काढायच्या, वरची-खालची नोट तशीच ठेवायची, यंत्राला ती ओढून घेऊ द्यायची आणि पैसे मिळालेच नाहीत अशी तक्रार करायची. आत गेलेल्या नोटा यंत्र मोजत नव्हतं. शेवटी २०१२ च्या सुमारास ही सोय बंद करायला परवानगी दिली गेली. तेव्हापासून मागे राहिलेले पैसे रांगेतल्या पुढच्या माणसाच्या नीतीवर सोपवले गेले. थोड्यांच्या लबाडीचा तोटा असा विसराळू म्हाताऱ्यापाशी येऊन थांबला. ती सोय सुधारून परत आणण्याची भाषा अलीकडे ऐकू येते, यावी.

आपल्या नगर जिल्ह्याला यंत्राच्या मर्यादेचा धडा दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. नगर अर्बन बँक १९१० मध्ये स्थापन झाली. शंभर वर्षं तिनं नगरच्या व्यापाऱ्याला आणि मध्यमवर्गाला सांभाळलं. तिच्या काउंटरवर नोटा मोजण्यात चूक झाली म्हणून ती बुडाली नाही. शेवगाव शाखेत तारण ठेवलेलं सोनं बनावट निघालं, कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराचे गुन्हे नोंदवले गेले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. काउंटरवरचं यंत्र नोट न् नोट तपासत होतं. कर्जाच्या कागदाला तपासणारं यंत्र नव्हतं, माणसं होती. ठेव विम्यानं पाच लाखांपर्यंतची रक्कम वाचवली. त्यापुढचा तोटा थांबला निवृत्तीचे पैसे एका जागी ठेवणाऱ्यांपाशी.

शनिशिंगणापूरचंही तेच. घरांना दारं नसलेलं हे गाव जगभर प्रसिद्ध. युको बँकेनं २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांना केवढं कौतुक! २०२५ मध्ये त्याच गावच्या शनी देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप चालवून ऑनलाइन पूजेचे पैसे लाटल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण ज्या पैशाला नोटेचं शरीरच नाही त्याला ना कुलूप आडवं येतं, ना निळा दिवा. तिथे भुर्दंड पडतो तो दूर कुठेतरी मोबाइलवर अभिषेकाची नोंदणी करून समाधानानं बसलेल्या माणसाला, आणि आपल्याला तो पडला आहे हे त्याला बहुधा कळतही नाही.

म्हणून माझी अपेक्षा यंत्राकडून नाही, यंत्र ज्याच्या मालकीचं आहे त्याच्याकडून आहे. कांद्याच्या पट्टीचे पैसे घेऊन शेतकरी घोडेगावहून किंवा राहुरीहून परततो. ऊसतोडीची उचल घेऊन पाथर्डीचा मजूर सहा महिन्यांसाठी घर सोडतो. या दोघांच्या हातात एकदम मोठी रोकड पडते ती वर्षातून मोजक्या वेळा, आणि पैसे देताना “मशीननं मोजलेत, बघायची गरज नाही” असं त्यांना सांगितलं जातं. पूर्वी आडत्या थुंकी लावून नोटा मोजायचा आणि मग म्हणायचा, “मोजून घ्या.” घेणारा मोजायचा, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. आता यंत्राचा आवाज संपला की बोलणंही संपतं. चार दिवसांनी बँकेत एखादी नोट अडकली, तर मुकादम म्हणणार, मी दिली तेव्हा बरोबर होती. आडत्या म्हणणार, माझ्या यंत्रानं पकडली असती. मजुराच्या बाजूनं बोलणारं यंत्र कुणाकडे नाही.

यात फार मोठ्या त्यागाची मागणी नाही. ज्याच्या गल्ल्यातून रोज लाखांची उलाढाल होते, त्याला वर्षाकाठी चार-पाच नोटांचा तोटा खर्चात घालता येतो. ज्याची आठवड्याची मजुरी तेवढीच आहे त्याला येत नाही. पाचशेच्या नोटेची बँकेची जप्ती-पावती घेऊन कायमचा शेतकरी गाळ्यावर आला, तर वाद न घालता दुसरी नोट द्यावी. थोडी फसवणूक होईल, होऊ द्यावी. आणि नोटा मोजण्याच्या बऱ्याच यंत्रांबरोबर तारेला जोडलेला एक छोटा जादा डिस्प्ले मिळतो, समोर बसलेल्या माणसानं आकडा बघावा म्हणून. बऱ्याच गाळ्यांत तो अजून खोक्यातच पडलेला असतो. तो काढून शेतकऱ्याच्या बाजूला ठेवायला एक पैसा लागत नाही.