वारशाची दुसरी बाजू

किल्ला पाहणे ही मराठी मनाला तीर्थयात्रेसारखी वाटते. प्रतापगड किंवा सिंहगड चढताना आपण नकळत आपल्याच माणसांच्या बाजूने उभे असतो. परंतु रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेला मराठी माणूस रतनपूरचा भग्न किल्ला पाहण्यास जातो, तेव्हा त्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे?

बिलासपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवरील रतनपूर ही कलचुरींची राजधानी. अकराव्या शतकात पहिल्या रत्नदेवाने ती वसविली; याच घराण्याची एक शाखा पुढे रायपुरास नांदली. 1741 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध रघुनाथसिंहाने प्रतिकार केला नाही आणि वाड्यावर तोफा सुरू झाल्यावर राणीनेच तटावरून तहाचे निशाण दाखविले, असे परंपरा सांगते. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी येथूनच कारभार केला. रामटेकडीवरील मंदिर त्यांनी उभारले. दसऱ्याला सोने देण्याची चालही त्यांनीच येथे रुजविली, असे मानतात.

या इतिहासापुढे दोन सोपी उत्तरे संभवतात. पहिले असे की, अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या तोफांशी आमचा संबंध काय? संबंध नाही, हे मान्य करता येईल; मात्र मग प्रतापगडाच्या विजयाशीही आपला संबंध उरत नाही. पूर्वजांचे यश ‘आमचे’ आणि त्यांची आक्रमणे ‘त्यांची’, असा हिशेब प्रामाणिक नव्हे. दुसरे उत्तर असे की, मंदिर बांधले, सण दिला, म्हणून जमाखर्च जुळला. परंतु देणगी स्वीकारणाऱ्याला नकाराचा अधिकार होता काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

अपराध रक्ताने संक्रमित होत नाही, हे खरे. म्हणून येथे पश्चात्तापाचा विधी नको. संक्रमित होते ती स्मृती; आणि स्मृती निवडून घेता येत नाही. आयर्लंडमधील किल्केनीचा दगडी किल्ला तेराव्या शतकाच्या आरंभी परक्या नॉर्मन सरदाराने उभारला. शतकानुशतके तेथे राहिलेल्या बटलर घराण्याने 1967 साली अवघ्या 50 पौंडांना तो नगरवासीयांच्या स्वाधीन केला. आज तेथील लोक तो आपला म्हणून दाखवितात. जेत्याची वास्तू जितांची होऊ शकते. पण ती तशी झाली की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जितांचाच असतो.

रतनपुरी जाणाऱ्या मराठी माणसाला एवढे निश्चित करता येईल: रामटेकडीवर हात जोडण्यापूर्वी त्याने किल्ल्यात क्षणभर त्या राणीच्या जागी उभे राहावे. तेथून आपलेच निशाण कसे दिसते, हे ज्याने पाहिले, त्याच्या अभिमानात उन्माद राहत नाही. आणि तसा अभिमान सिंहगडावरही अधिक शोभून दिसतो.