प्रारब्ध आणि संधिवात

आमच्या आत्याबाई पहाटे उठत, तेव्हा त्यांच्या हाताची मूठ वळत नसे. ऊन पाण्याच्या तपेल्यात बोटे बुडवून बसावे, तासा-दीड तासाने ती थोडी सैल व्हावीत आणि मग कुठे भाकरीच्या पिठाला हात लागावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. आणि कोणी औषधाचे नाव काढलेच, तर "भोग आहे, भोगूनच सरायचा," एवढे बोलून त्या विषय मिटवीत. त्यांच्या सोशिकतेपुढे मी आजही नम्र आहे. परंतु त्या वाक्याशी माझा वाद आहे, आणि तो धर्मविचाराच्याच आधाराने मांडावासा वाटतो.

आयुष्य नियत आहे की अनियत, असा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेशाने गुरू आत्रेयांना विचारला आहे. आत्रेय सांगतात की, पूर्वजन्मीचे कर्म ते दैव आणि या जन्मीचे ते पौरुष, या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते. सारेच नियत असते, तर औषधांचा आणि मंत्र-होमांचा खटाटोप कोणी केलाच नसता. तेव्हा इलाज करणे म्हणजे दैवाशी बंडाळी नव्हे.

मात्र पौरुषाचा आरंभ निदानापासून होतो, कारण 'संधिवात' या एका नावाखाली अनेक व्याधी नांदतात. झिजलेला गुडघा जिना चढताना दुखतो आणि विसाव्याने निवतो. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ज्याला आपले वैद्य बहुधा आमवात म्हणतात, विसाव्यानंतरच सांधे आखडतात आणि दोन्ही हातांची लहान पेरी सारखीच सुजतात, कारण देहाचे रक्षकदळच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. युरिक आम्लाचे स्फटिक साचून मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक होतो, तो गाऊट निराळा. रक्ताची तपासणी हा पुरावा खरा, पण एकटा पुरेसा नव्हे. त्या तपासणीत शोधला जाणारा रूमॅटॉइड फॅक्टर आमवाताच्या काही रोग्यांत सापडत नाही आणि काही निरोग्यांत सापडतो, म्हणून रोग्याची कैफियत ऐकणे आणि सांधे चाचपून पाहणे यांवाचून निकाल देता येत नाही.

निदानानंतर येतो इलाज. 1948 साली डॉक्टर हेंच यांनी कॉर्टिझोन हे औषध दिल्यावर आमवाताने जखडलेले रोगी चालू लागले आणि 1950 साली त्या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या औषधाचे दुष्परिणामही कळले. आज या व्याधीवर मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच, वैद्यकीय देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासून देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण ते वेदनेपुरते न थांबता सांध्याची नासाडीही रोखते. व्याधीने एकदा खाल्लेले हाड मात्र कोणतेही औषध पूर्ववत करीत नाही.

आत्याबाईंची बोटे अखेर करंगळीकडे कलली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. व्याधी जडली, तिला हवे तर प्रारब्ध म्हणावे. परंतु उपाय हाताशी असता सांधा वाकडा होऊ देणे हे क्रियमाण, म्हणजे आज आपल्या हातून घडणारे कर्म आहे, आणि क्रियमाणाचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून घरातल्या कोणाची मूठ सकाळी अर्धा तास वळत नसेल, पेरी सुजून काही आठवडे उलटले असतील, तर त्या सोशिक माणसाला त्याच्या सहनशक्तीच्या हवाली करू नका; त्याला संधिवाततज्ज्ञाकडे घेऊन जा.