मागचं वजन

डोक्यावर चष्मा, कानावर पेन आणि मनात शिल्लक न जुळण्याची धास्ती, एवढ्याच आयुधांवर मी वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर लढतो आहे. त्यामुळे रविवारी भाच्याने अमेरिकन सैनिकाच्या हेल्मेटचा फोटो दाखवला, तेव्हा मला आमच्या घरची खुंटाळीच आठवली. दिसेल त्या जागी काहीतरी लटकवलेलं!

मूळ वस्तू किती साधी! 1915 साली ब्रिटिश सैनिकाला जे पोलादी हेल्मेट मिळालं, ती थेट उपडी परात. त्याआधी बिचारा कापडी टोपी घालून खंदकात बसायचा. वरून पडणारे तोफगोळ्यांचे तुकडे डोक्यात घुसू नयेत, एवढंच त्या परातीचं काम. अमेरिकनांनी 1941 साली घेतलेल्या एम-वन हेल्मेटचं पोलादी कवच तर सैनिक दाढीचं पाणी घ्यायलाही वापरत. म्हणजे वस्तू अगदी संसारी!

पुढे पोलाद गेलं, केव्हलार आलं, आणि खुंट्या आल्या. कपाळावर अंधारात बघायची दुर्बीण, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर टॉर्च आणि कानाचे फोन. शिवाय एक लुकलुकणारा इन्फ्रारेड दिवा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीणवाल्यालाच दिसतो. आपला माणूस ओळखू यावा म्हणून. आपलं डोकं वाचवायला निघालेली वस्तू दुसऱ्याचं डोकं शोधायला कधी लागली, ते तिचं तिलाही कळलं नसेल.

पण मला खरं पकडून ठेवलं ते मागच्या एका पिशवीने. पुढे दुर्बिणीचं वजन आलं की हेल्मेट कपाळावर घसरतं, मान ओढली जाते. म्हणून मागे बॅटरीचा डबा, नाहीतर चक्क नुसतं वजन बांधतात! माझ्यातला बी.कॉम. खूश झाला. जेवढं नावे तेवढं जमा. ताळेबंद जुळला!

"पण मामा, मानेवर दोन्ही वजनं आलीच ना?"

भाच्याचं कॉमर्स नाही, म्हणून त्याला असले प्रश्न पडतात. मला मात्र त्या रात्री झोप लागेना.

त्याचं असं झालं. शुक्रवारी एक पेन्शनवाले आजोबा आले होते. सही जुळेना. हात थरथरतो आहे हे मला दिसत होतं. साहेबांकडे नेऊन मार्ग निघाला असता. पण चार वाजत आले होते. "सोमवारी या," म्हटलं आणि खिडकी लावली. संध्याकाळी मारुतीच्या देवळाबाहेर बसलेल्या बाईला मी वीस रुपये दिले. एरवी दोन देताना खिसे चाचपतो. घरी येऊन गाढ झोपलो. तोल साधला होता ना!

तोल साधण्याला मी नावं ठेवत नाही. तो नसेल तर सैनिकाला मान वर करता येणार नाही आणि आपल्याला आरशात बघता येणार नाही. पण तोल साधला म्हणजे ओझं उतरलं असं नव्हे. उतरवायचं तर पुढचंच काढावं लागतं. सैनिकाला ते जमत नाही, त्याच्यापुढे अंधार असतो. माझ्यापुढे ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात आजोबा उभे होते.

सोमवारी ते आले. मी त्यांना खुर्ची दिली, स्वतः उठून साहेबांची सही आणली. सगळी मिळून दहा मिनिटं लागली. पैसे मोजता मोजता आजोबा म्हणाले, "शुक्रवारी साहेब नव्हते वाटतं?"

"नव्हते," मी म्हणालो.

म्हणजे पुढे पुन्हा थोडं वजन आलंच. संध्याकाळी मात्र मी देवळावरून न जाता दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो.