'असूनही' या शब्दाविषयी

काही वर्षांपूर्वी भोर येथे एका सभेत डॉ. गेल ऑम्व्हेट यांच्या कार्यावर बोलण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. 'परदेशी असूनही या विदुषीने आपले आयुष्य आमच्या खेड्यांस वाहिले,' असे एक वाक्य आम्ही बऱ्याच आवेशाने उच्चारले, आणि त्यास टाळ्याही मिळाल्या. सभा आटोपल्यावर वेल्ह्याकडील एक वृद्ध बाई जवळ येऊन म्हणाल्या, "सर, परकी तर मी बी होते. माहेर घाटाखाली, दिली वर तोरण्याच्या अंगाला. हितं माझं कोण होतं?"

या प्रश्नाने आमचा तो 'असूनही' उघडा पडला.

ऑम्व्हेटबाईंचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतील मिनियापोलिसचा. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून त्यांनी १९७३ साली बर्कली येथे डॉक्टरेट मिळविली. १९७६ साली डॉ. भारत पाटणकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील कासेगावी, सासरच्या गावीच, त्या निवर्तल्या. हे सर्व आम्ही सभेत सांगितलेच होते. परंतु सांगताना आमचा भर सारा त्यांनी काय सोडले यावर होता. अमेरिका सोडणे हा त्याग, असे म्हणताना कासेगाव हे केवळ त्याग करूनच येण्याजोगे ठिकाण आहे, असे आपण नकळत कबूल करतो. त्या स्तुतीत पाहुणीचा गौरव आहे, आणि यजमानाची मानहानीही.

यावर कोणी म्हणेल की नववधूचे येणे व ऑम्व्हेटबाईंचे येणे एक कसे? एकीस धाडले जाते, दुसरी आपण होऊन येते. नैतिक मूल्य निवडीस असते. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो झटकून टाकू इच्छीत नाही. पण मग परत जाण्याची सोय ज्यांना आहे त्यांच्याच श्रमास आपण सेवा म्हणणार, आणि जिला परतीची वाटच नाही तिच्या चाळीस वर्षांच्या राबण्यास रीत म्हणून सोडून देणार काय? हा न्याय आम्हांस तरी पटत नाही.

ऑम्व्हेटबाईंस हे आमच्या आधी उमगले असावे. सासूबाई इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या; त्यांच्यासह बाईंनी ज्या परित्यक्तांचे प्रश्न हाती घेतले, त्यांची अवस्था काय होती? नवऱ्याने टाकलेली स्त्री सासरी परकी ठरते, आणि माहेरी तर ती लग्नाच्या दिवशीच परकी झालेली असते. कोणतीही सीमा न ओलांडता निर्वासित झालेली ही माणसे. शेतकरी संघटनेने बायकांच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, त्या संघटनेचीही बाजू ऑम्व्हेटबाईंनी लिहून मांडली. (त्यावरून डाव्या मित्रांशी त्यांचे वाद झाले; ते येथे नकोत.)

एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. त्यांची कन्या पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. आईने जो देश सोडला तेथेच लेकीने घर केले. आमच्या परिचयातील कित्येक घरांतील मुलेही तिकडे आहेत. त्यांनी महाराष्ट्र सोडला यास आम्ही त्याग म्हणत नाही, उत्कर्ष म्हणतो.

त्या दिवशी निघताना आम्ही वेल्ह्याच्या त्या बाईंस विचारले, सातबाऱ्यावर आपले नाव आहे काय? त्या क्षणभर थांबल्या. "नाव पोरांचं हाय," त्या म्हणाल्या, आणि एस. टी. चुकेल म्हणून लगबगीने निघून गेल्या.