देणगी आणि देणें

'देणें' ह्या आपल्या लहानशा शब्दांत दोन अगदीं भिन्न अर्थ नांदत आहेत. जें आपण आपखुषीनें दुसऱ्यास देतों तेंही देणें, आणि जें दुसऱ्याचें आपल्याकडे निघतें तेंही देणेंच. नित्याच्या व्यवहारांत ह्या दोहोंचा घोटाळा सहसा होत नाहीं. वाण्याची उधारी चुकती करून कोणी स्वतःस दानशूर म्हणवीत नाहीं. परंतु धनी आणि चाकर, सरकार आणि शिपाई, अशा विषम संबंधांत हा घोटाळा वारंवार होतो, आणि तो बहुधा बलिष्ठाच्या सोयीचा असतो. देणें थकवावें, वर देणगी द्यावी, आणि त्या देणगीबद्दल कृतज्ञतेची अपेक्षा करावी, हा प्रकार नीतिदृष्ट्या कसा समजावा? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्रजी आरमारांतील रमच्या शिध्याचा इतिहास फार उपयोगी आहे. दारूचें नांव ऐकून वाचकांनीं नाक मुरडूं नये. मद्यपान बरें कीं वाईट, हा प्रस्तुत लेखाचा विषयच नव्हे.

लांबच्या सफरीवरील इंग्रज खलाशास पूर्वीं रोज एक गॅलन बीअर मिळत असे. कारण पिंपांतलें पाणी थोड्याच दिवसांत नासे. उष्ण प्रदेशांत बीअरही टिकेना. १६५५ सालीं इंग्रजांनीं जमेका बेट घेतलें, आणि तेव्हांपासून त्या समुद्रांतील जहाजांवर बीअरच्या जागीं रम येऊं लागली. उसाच्या मळीपासून काढलेली ही दारू नासत नसे, जागा थोडी अडवी, आणि तेथें मुबलक मिळे. १७३१ च्या नियमांत एक गॅलन बीअरबद्दल अर्धा पिंट रम, असें प्रमाण आढळतें. अर्धा पिंट म्हणजे आजच्या मापानें सुमारें पाव लिटर, आणि तीही निर्जळ! ज्यांना डोलकाठीवर चढून शिडें आवळावयाचीं त्यांच्या हातीं हा पेला दिल्यावर व्हावयाचें तेंच झालें. १७४० सालीं व्हाइस ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन ह्यांनीं हुकूम काढला कीं, ही रम चौपट पाण्यांत मिसळून दिवसांतून दोन वेळां वाटावी. व्हर्नन हे ग्रोग्रॅम नांवाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालीत, म्हणून खलाशी त्यांस 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्यावरूनच ह्या पाणी घातलेल्या रमला ग्रॉग हें नांव पडलें.

येथपर्यंत ही गोष्ट शिध्याच्या हिशेबाची झाली. नीतीचा प्रश्न येथून पुढें उभा राहतो. दारू पिऊन झिंगणें हा आरमारी कायद्यानें गुन्हा होता, आणि त्याची नेहमींची शिक्षा म्हणजे उघड्या पाठीवर नऊ पदरी चाबकाचे फटके. शांततेच्या काळांतील फटके १८७१ सालीं आणि युद्धकाळांतील १८७९ सालीं तहकूब झाले. तोंवर एकाच डेकावर, एकाच सरकारच्या हातून, खलाशास रमही मिळे, आणि ती अंगावर आली म्हणजे चाबूकही मिळे. कोणी म्हणेल, पिण्याची सक्ती थोडीच होती? शब्दशः हें खरें आहे. परंतु युद्धाच्या दिवसांत कित्येक खलाशी बळजबरीनें धरून आणलेले असत. पळून जातील ह्या भीतीनें त्यांस महिनोगणती किनाऱ्यावर पाऊल ठेवूं देत नसत. ओल, थंडी, किडकें बिस्कीट आणि खारवलेलें मांस हाच त्यांचा संसार. ज्याच्यासाठीं सुखाचे सारे दरवाजे बंद केले, त्याच्यापुढें एकच दरवाजा उघडा ठेवून 'आंत जावें कीं नाहीं हें तूंच ठरव' असें म्हणणें, ह्याला स्वातंत्र्य म्हणत नाहींत. पिणाऱ्याकडे दोष मुळींच नाहीं असें नव्हे. पण त्या दोषाचा मोठा वाटा देणाऱ्याकडे जातो.

खलाशांस स्वतःला काय हवें होतें, हें सुदैवानें आपणांस ठाऊक आहे. १७९७ च्या एप्रिल महिन्यांत स्पिटहेड येथील जहाजांवरील खलाशांनीं समुद्रावर निघण्यास नकार दिला. त्यांच्या मागण्या मननीय आहेत. पगार वाढवा, कारण तो शंभरांहून अधिक वर्षें होता तेवढाच आहे. शिध्याचा रत्तल चौदा औंसांचा न धरतां सोळा औंसांचा धरा. बंदरांत असतांना ताजी भाजी द्या. आजाऱ्यांची नीट शुश्रूषा करा. घरच्या माणसांस भेटण्यापुरती रजा द्या. जखमी झालेल्याचा पगार तो बरा होईपर्यंत तोडूं नका. रम वाढवून द्या, अशी मागणी त्यांत नाहीं! ज्या वर्गास जग दारूबाज म्हणून हिणवीत होतें, त्यानें आपलें मन उघडें केलें तेव्हां त्यांतून निघाला तो न्याय. पार्लमेंटानें पगारवाढ मंजूर केली आणि राजानें क्षमापत्र दिलें, तेव्हां हें बंड मिटलें. आरमारखात्याच्या पदरीं देणगीचें माप सढळ होतें, आणि देण्याचें माप चौदा औंसांचें होतें, हाच ह्या प्रकरणाचा इत्यर्थ.

ह्या देणगीच्या मागें दुसरेंही एक देणें थकलेलें होतें, आणि तें तर कोणाच्याच वहींत नोंदलेलें नव्हतें. वेस्ट इंडीज बेटांतला ऊस आफ्रिकेंतून धरून नेलेले गुलाम लावीत, तोडीत आणि गाळीत. १८०७ सालीं पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला, आणि पुढील वर्षापासून तो मोडून काढण्यासाठीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आरमाराच्या नौका फिरूं लागल्या. हें कार्य निःसंशय पुण्याचें. त्यांत कित्येक खलाशी तापानें मेले. परंतु वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानें उठली ती १८३४ सालीं. म्हणजे मधलीं पंचवीसांहून अधिक वर्षें एका हातानें गुलामांचीं जहाजें अडविणाऱ्या आरमाराचा दुसरा हात गुलामांच्या श्रमांतून निघालेली रम वाटीत होता. पुढें गुलामगिरी उठवितांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती गुलामांच्या मालकांसाठीं. गुलामांस एक पैही मिळाली नाहीं.

एवढें वाचल्यावर ही रूढि मुळांतच पापमय, तेव्हां तिच्यांत चांगलें कांहींच नव्हतें, असा निकाल देण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. रूढीचा उगम आणि रूढीचें जीवन ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकापर्यंत ही मात्रा एक अष्टमांश पिंटावर, म्हणजे सुमारें ७१ मिलिलिटरवर, आली होती. वीस वर्षांखालील खलाशास ती मिळत नसे, आणि जो घेत नसे त्यास रोज तीन पेन्स मिळत. राजाचें वा राणीचें अभीष्ट चिंतणारीं पितळी अक्षरें ज्यावर जडविलीं आहेत अशा लांकडी पिंपांतून दुपारच्या सुमारास ती वाटली जाई. आपल्या वाट्यांतला लहान घोट मित्रास देणें म्हणजे 'सिपर्स', मोठा घोट देणें म्हणजे 'गल्पर्स'. कोणी आपली पाळी केली, कोणाचा वाढदिवस आला, कोणी अडचणींत साह्य केलें, तर त्याची फेड ह्या नाण्यानें होई. नियमानें ही देवघेव निषिद्ध होती, तरी ती चाले. वरून आलेल्या देणगीचें खलाशांनीं आपापसांत खऱ्या देण्यांत रूपांतर केलें, आणि तें मात्र ते कधीं थकवीत नसत. ह्या गुणाचें श्रेय सरकारास नव्हे, त्या माणसांस आहे.

म्हणूनच अशी रूढि मोडतांना ती सुरू करतांना लागते त्याहून अधिक न्यायबुद्धि लागते. १८२४ सालीं मात्रा निम्मी केली, आणि १८५० च्या चौकशीसमितीनंतर ती पुन्हा निम्मी झाली. पण त्या बदल्यांत चहा, कोको, अधिक मांस आणि थोडा वाढीव पगार ह्यांच्या रूपानें कांहीं मोबदला देण्यांत आला. शेवटीं, नाजूक यंत्रें आणि विद्युत्-उपकरणें हाताळणाऱ्यांस भर दुपारीं मद्य देणें सुरक्षित नाहीं, असें १९६९ च्या डिसेंबरांत जाहीर झालें. १९७० च्या जानेवारींत पार्लमेंटांत वादविवाद झाला. आणि ३१ जुलै १९७० रोजीं रम शेवटची वाटली गेली. त्या दिवशीं कांहीं खलाशांनीं दंडाला काळ्या फिती बांधल्या. मोबदला म्हणून खलाशांच्या निधीस २७ लाख पौंड देण्यांत आले. निर्णय योग्यच होता असें मला वाटतें. पण काळ्या फितींस हंसणेंही मला प्रशस्त वाटत नाहीं. तो शोक मद्यासाठीं थोडा, आणि एकत्र जमण्याच्या त्या घटकेसाठीं अधिक होता.

आज ह्या रमचें गुणगान 'वारसा' म्हणून होतें, आणि तिच्या नांवानें बाटल्या विकल्या जातात. वारशाचा अभिमान आपणांसही परका नाहीं. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत जमशेटजी वाडिया ह्यांनीं मलबारी सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही इंग्रजी युद्धनौका हार्टलपूल येथें अद्याप जपून ठेवलेली आहे, आणि तिच्याविषयीं आपणांस कौतुक वाटावें हें स्वाभाविकच आहे. परंतु अशा जहाजांचा वारसा मोजतांना लांकूड, तोफा आणि रमचें पिंप एवढ्यावरच थांबूं नये. चौदा औंसांचा रत्तल हाही त्याच वारशाचा भाग आहे, आणि ऊस तोडणारे ते हातही. सणाच्या दिवशीं गडीमाणसांस बक्षिसी देऊन संतोष पावणाऱ्या आपणां पांढरपेशांसही ह्यांतून घेण्यासारखें कांहीं आहे. बक्षिसी अवश्य द्यावी. मात्र ती देण्यापूर्वीं त्यांचा पगार किती वर्षें आहे तेवढाच आहे, हें एकदां वही उघडून पाहावें.