घरचं गाऱ्हाणं कुणापुढे?

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खानदेशात लेकी माहेरी येतात. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या सपाटीवरच्या अहिराणी गावांत या सणाला दिवाळीइतका मान. गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी सुरू होतात. त्या गाण्यांत जाच करणारी सासू असते, चहाड्या सांगणारी नणंद असते, घ्यायला न आलेला भाऊ असतो. वर्षभर गिळलेलं सगळं तिथं मोकळ्या गळ्यानं बाहेर पडतं. नाव कुणाचं घेतलं जात नाही. गाण्यात ‘सासू’ आली की ऐकणारीला स्वतःचीच सासू दिसते.

आता हेच गाऱ्हाणं मोबाइलवर मांडलं जातं. वाटणीत डावललेला भाऊ, म्हाताऱ्या आईबापांचं एकटीनं करणारी मुलगी, तिशी उलटली तरी पगाराचा हिशेब वडिलांना द्यावा लागणारा मुलगा, अशी कर्ती माणसं रात्री उशिरा स्टेटसला चार ओळी टाकतात. त्यांना ‘घरातलं घरातच ठेवा’ म्हणून दटावणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो बहुधा घरात ज्याचं चालतं त्याच्याच सोयीचा असतो. ज्याला घरात कुणी ऐकून घेत नाही, त्यानं घरातच बोलायचं म्हणजे गप्प बसायचं. म्हणून बोलण्याचा हक्क आधी मान्य केला पाहिजे. खरा विचार करायचा तो ऐकणाऱ्याचा.

नुसती वाफ दवडल्यानं मन हलकं होतं, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाला मनात ठेवून पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी अधिकच संतापलेले आढळले. काहीही न करता बसलेल्यांचा राग त्यांच्याहून कमी होता. याउलट जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली मांडलेला अनुभव वेगळा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि त्याबद्दल काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. तेच तेच उगाळल्यानं जखम चिघळते. तीच गोष्ट नीट सांगायला बसलं की तिचा अर्थ लागू लागतो. आणि पेनेबेकरांचे विद्यार्थी लिहीत होते ते चारचौघांना दाखवण्यासाठी नव्हे.

स्टेटसवर नेमकं उलटं होतं. तिथं वाचणाऱ्यांत सख्खी मैत्रीण असते, तसा चुलत दीर असतो आणि कामावरचा साहेबही. नाव न घेताही रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळतं. राग दोन दिवसांत ओसरतो, पण काढून ठेवलेला स्क्रीनशॉट पुढच्या लग्नापर्यंत फिरत राहतो. झोक्याभोवतीच्या बायकांना सासुरवास ऐकून ठाऊक नव्हता, त्या तो भोगत होत्या. त्यामुळे गाणारीला तिथं आधार मिळायचा. स्टेटसवर तिला हळहळीचे इमोजी मिळतात.

तरीही झोक्याचे गोडवे गाऊन थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. सण सरला की लेक त्याच घरात परत जायची आणि तिथं काहीही बदललेलं नसायचं. गाण्यानं जाच सोसायला बळ दिलं, जाच थांबवला नाही.

तो थांबवण्याची वाट याच भागात एकदा सापडली होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकारानं आणि 1972 साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेतून भिल्ल शेतमजूर जमीन आणि मजुरीसाठी लढू लागले. आंदोलनात उतरलेल्या बायका शिबिरांत एकत्र बसल्या, तेव्हा मजुरीच्या मागोमाग घरचं दुखणं बाहेर आलं: नवऱ्याची दारू आणि त्यानंतरची मारहाण. एकीनं सांगितलं आणि दुसरीला स्वतःचं घर दिसलं. मग बायका गावोगाव फिरून दारूचे अड्डे गाठू लागल्या, मडकी फोडू लागल्या. कुणी नवऱ्यानं मारल्याचं सांगितलं, तर साऱ्या जमून त्याला चोप देत आणि बायकोची जाहीर माफी मागायला लावत. चोपाचं समर्थन आज कुणी करणार नाही. पण घराच्या भिंतीआडचा मार हा साऱ्यांचा प्रश्न आहे, हे त्या निरक्षर मजूर बायकांनी कृतीनं ठरवलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा देशात लागू झाला तो 26 ऑक्टोबर 2006 रोजी, त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळानं.

नंदुरबार जिल्ह्यात आज अशा बैठका दुर्मिळ आहेत. ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबं महिनोन्‌महिने गुजरातेत असतात आणि तिथल्या खोपटात शेजारीणही परक्या गावची असते. फोन हाच त्या बाईचा एकमेव श्रोता असेल, तर तो तिच्या हातातून काढून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. मारहाण होत असेल, तर त्याच फोनवरून 181 ही महिला हेल्पलाइन लागते, एवढं तिच्यापर्यंत पोचायला हवं. उरलेल्या दुखण्यांसाठी बचतगटांची बैठक हाताशी आहे. दर महिन्याला दहा-बारा ओळखीच्या बायका तिथं हप्त्याचा आणि व्याजाचा हिशेब करून उठतात. त्यांनी हिशेबानंतर अर्धा तास आणखी बसावं, तिथलं बोलणं बाहेर न नेण्याचं आपसांत ठरवावं आणि जिचं ऐकलं तिच्या घरी पुढच्या आठवड्यात दोघींनी चक्कर टाकावी. पुरुषांसाठी तर एवढीही जागा गावात नाही. पारावर राजकारण चालतं, पण भावाशी तुटलेल्या बोलण्याचा विषय तिथं कुणी काढत नाही. ती जागा उभी करण्याचं काम अजून सुरूही झालेलं नाही.