हसणारे घर

आम्हां बडोदेकरांच्या घरी रविवारच्या उपासनेनंतर जुना स्नेही आला, की चहाबरोबर शेव-उसळ येते आणि मागोमाग यजमानांच्या जुन्या फजित्याही निघतात. पाहुणा सांगतो, गृहिणी भर घालते, यजमानही हसतात. या हसण्यामागे पुष्कळ क्षमा असते.

रेव्ह. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी पतीचा तापटपणा, लहरीपणा सारे लिहिले. तरी वाचताना आपल्याला हसू येते. जखम लपविलेली नाही, पण डंख उरलेला नाही.

मित्राची प्रीती काळवेळ पाहत नाही, असे नीतिसूत्रांत (१७:१७) शिकविले आहे. मग पतिपत्नींनी आधी एकमेकांचे मित्र होऊ नये काय?

आपल्या घरातली जी गोष्ट निघताच एकाला हसू व दुसऱ्याला रडू येते, तिची क्षमा अजून व्हायची आहे. ती आधी दोघांनी मिळून प्रभूपुढे ठेवावी. स्नेह्यांपुढे मग सांगावी.